चार बोटं कमी

भगवानरावांची अर्धी दाढी झाली होती, तेवढ्यात ते बोलले. गप्प बसले असते तर पुढचा सगळा घोळ टळला असता, पण गप्प बसणं हा त्यांचा गुण नव्हता.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. राजकुमारने आपल्या दुकानात त्यांचा उजवा गाल साफ केला होता आणि डाव्या गालावर फेस चढवला होता. बाकावर मोतीराम नंबर लावून बसला होता. हा मोतीराम खडकदरी गावात भगवानरावांचं प्रत्येक काम कसं फसणार हे आधी सांगायचा आणि एखादं खरंच फसलं की आठवडाभर खूश असायचा.

"यंदा धरण भरत नाही," मोतीराम वर्तमानपत्रात बघत म्हणाला. "डोंगरात चर खोदून ठेवले ना भाऊंनी. धरणाचं सारं पानी चरच पिऊन राह्यले."

हे वर्मावर बोट होतं. भगवानराव गावच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अख्ख्या गावाला दर रविवारी डोंगरावर नेऊन उताराला आडवे चर खोदायला लावले होते. त्या टिकाव-फावड्यांबद्दल गावाने त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं, आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई तर कंबर धरली की अजून त्याच रविवारांचं नाव काढत. शिवाय भगवानरावांचं एक ठरलेलं भाषण होतं. बारशालाही ते करत. "आपल्या डोंगराच्या धारेवर थेंब पडला समजा. धारेच्या अलीकडं पडला तर आपल्या बोरी नदीत, तिथून नळगंगेत, पूर्णेत, तापीत, अन् सुरतेकडच्या समुद्रात. चार बोटं पलीकडं पडला तर पैनगंगेत, गोदावरीत, अन् पार आंध्राच्या समुद्रात. म्हून अलीकडं पडलेला थेंब आपला. त्याले पळू द्याचं नाही, चालवत आनाचं." ऐकून ऐकून हे भाषण गावातल्या पोपटालाही पाठ झालं असतं.

तर असे भगवानराव खुर्चीतून ताडकन उठले. राजकुमारने वस्तरा वेळेवर मागे घेतला म्हणून कान वाचला.

"सांडवा वाहल्याबिगर या गालाले वस्तरा लावनार नाही," ते म्हणाले. "पाची जनाइच्या साक्षीनं सांगतो."

दुकानात ते धरून तिघंच होते, पण संध्याकाळपर्यंत साक्षीदार दीडशे झाले. सांडवा म्हणजे धरण काठोकाठ भरलं की जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती बाजूची भिंत. ती वाहिली की गावात नारळ फुटतो. भगवानराव खांद्यावरच्या टॉवेलसकट घरी गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांचा चेहरा त्यांच्याच भाषणातल्या डोंगरासारखा होता. नाकाच्या एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला माळ.

पाऊस तसा वाईट झाला नाही. धरण भरत गेलं, आणि सप्टेंबरच्या शेवटी सांडव्याला चार बोटं कमी असताना थांबलं. कोजागिरी झाली तरी चार बोटं कमीच. दरवर्षी कोजागिरीनंतर गेट उघडून नदीतून खालच्या निंबारी गावाला रब्बीचं पहिलं पाणी सोडत. गेट फिरवायचं लोखंडी हँडल अध्यक्षांच्या घरी खुंटीला असायचं. यंदा ते खुंटीवरून हललं नाही.

"परतीचा पाऊस येनार हाय," भगवानराव सांगत. "जरा दम धरा."

दीपक धरणावरचा चौकीदार. रोज सकाळी पाण्यातल्या मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा. आता रोज त्याच्याआधी भगवानराव तिथे उकिडवे बसलेले असत, दाढी पाण्याला लागेल इतके वाकून. एकदा त्यांच्या डोक्यात आलं की बादलीत हात घातला की पाणी वर चढतं. त्यांनी गावातल्या चौदा म्हशी हाकून आणल्या आणि सांडव्याजवळ पाण्यात बसवल्या. म्हशींना हा कार्यक्रम फार आवडला. त्या दुपारपर्यंत डुंबल्या, पोटभर पाणी प्याल्या आणि निघून गेल्या. चार बोटं कमी ती कमीच राहिली.

मग एका दिवशी जोराचा वारा सुटला आणि एक लाट सांडव्यावरून पलीकडे गेली. भगवानराव तसेच पळत राजकुमारच्या दुकानात. फेस चढणार एवढ्यात मोतीराम आला. त्याने सगळ्यांना धरणावर नेलं, सांडव्यावरची ओल बोटाने चाचपली आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं.

"हे उडालेलं पानी हाय. वाहलेलं नाही."

खरंच होतं ते. भगवानराव त्या रात्री जेवले नाहीत. मोतीराम हसतो याचं त्यांना दुःख नव्हतं. मोतीराम बरोबर असेल ही भीती त्यांना आतून खात होती. आपणच गावाला राबवलं, आपणच चर खोदले आणि आपणच धरणाच्या तोंडचं पाणी पळवलं की काय. हल्ली त्यांनी भाषण बंद केलं होतं. शेजारच्या बारशाला ते पेढा घेऊन मुकाट परत आले तेव्हा सुभद्राबाईंना पहिल्यांदा काळजी वाटली.

अशात भाऊबीज आली. भगवानरावांच्या थोरल्या बहिणीचं, गोजरबाईचं सासर निंबारीत. ती दुपारच्या एसटीने आली. दारात तिने भावाकडे बघितलं आणि आधी सुभद्राबाईला विचारलं, "हा कोन बसला ओसरीत?"

भगवानराव पाटावर बसले. गोजरबाईने निरांजन लावलं, दाढीला हात न लागू देता कुंकू लावलं आणि ताट दोन हात लांब धरलं.

"सरक मांघं जरा. ओवाळता ओवाळता पेटवशीन मले," भगवानराव म्हणाले.

"पेटली तर बरंच होईन," गोजरबाई म्हणाली.

ओवाळून झालं. भगवानरावांनी ताटात साडी ठेवली. चांगली मलकापूरहून आणलेली, डाळिंबी रंगाची. गोजरबाईने ती उचलली, मायेने हात फिरवला आणि सुभद्राबाईच्या मांडीवर ठेवून दिली. रिकामं ताट तिने पुन्हा भावापुढे धरलं.

"मले साडी नको यंदा. ताटात गेटचं हँडल टाक."

भाऊबिजेच्या ताटापुढे नाही म्हणायची सोय नसते, हे भगवानरावांना पाटावर बसल्या बसल्या कळलं.

"ताई, चारच बोटं कमी हायेत वं. आठ दिवस थांब."

"तुह्यी चार बोटं भरेलोक माह्या हरभऱ्यानं काय करावं? पेरला, उगवला, आता माना टाकून राह्यला. विहीर तळाले गेली. अख्खी निंबारी मले इचारते, गोजरबाई, तुह्या भावाची दाढी कधी होनार हाय." बोलता बोलता तिचा आवाज भरून आला, आणि त्याचाच तिला राग आला. "तू मले सांग, रांजन कायले भरतेत? पाव्हण्याले दाखवाले का पाजाले? चार महिने पानी नुसतं धिंगाना घालत जाते, म्हून अडवाचं, अन् मंग आठ महिने पुरवून पुरवून सोडाचं. हे मले कोनं शिकवलं? तूच ना बे? माह्या नातवाच्या बारशाले?"

आपलंच भाषण आपल्यालाच ऐकवलं जाईल असं भगवानरावांना वाटलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. ते उठले, खुंटीवरचं हँडल काढलं आणि ताटात ठेवलं. सात-आठ किलोचं लोखंड ते. ताट एका अंगाला कललं, निरांजन घसरलं, आणि सुभद्राबाईंनी दुसरी बाजू धरली म्हणून बरं झालं. मग तिघं तसंच ताट घेऊन धरणावर गेले. हँडल भगवानरावांनीच फिरवलं. गेट उघडलं, पाणी भसाभसा बोरीत उतरलं आणि निंबारीच्या वाटेला लागलं.

मोतीराम बांधावर उभा होताच. "आता दाढी पुढच्या पावसाळ्यापर्यंत," तो म्हणाला. भगवानरावांनी मान डोलावली. तेही आपल्या मनात वर्षभराच्या दाढीचा हिशेब करत होते.

पाणी सोडायची एक पाळी दहा दिवसांची होती. दरवर्षी एका पाळीला धरण चार बोटं उतरायचं. भगवानराव आता मोजपट्टीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. दहाव्या दिवशी दीपक वही घेऊन घरी आला.

"भाऊ, काहीतरी गडबड हाय. दहा दिवस पानी चालू हाय, अन् गेज फक्त दोन बोटं खाली."

"पट्टी सरकली असन."

"पाहून आलो मी. पट्टी जागच्या जागी हाय. इकून निघते त्याच्या निम्मं तिकून येऊन राह्यलं."

"कुठून? आभाळात ढग तरी हाय का?"

दोघे धरणाच्या वरच्या अंगाला गेले. बोरी नदी वरून जिथे धरणात शिरते तिथे दिवाळीपर्यंत वाळू कोरडी पडायची आणि पोरं क्रिकेट खेळायची. आज तिथे घोट्याएवढं पाणी वाहत होतं, काचेसारखं नितळ. भगवानराव नदीच्या कडेकडेने वर चढत गेले. डोंगराच्या पायथ्याला दगडांच्या सांदीसांदीतून पाणी पाझरत होतं. वर त्यांनी खोदलेले चर होते, एकाखाली एक, कोरडे ठाक. पावसाळ्यात जे पाणी चरांनी प्यायलं होतं ते पोटात ठेवलं नव्हतं. ते जमिनीखालून, घाई न करता, आता कुठे पोचायला लागलं होतं.

थेंब चालवत आणायचा, असं ते शेकडो वेळा बोलले होते. चालणारा थेंब धावणाऱ्यापेक्षा उशिरा पोचणार, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. भगवानराव एका दगडावर बसले आणि रडले. दीपकने वहीत तोंड घातलं.

गावात बातमी पोचली. मोतीराम स्वतः वर जाऊन पाझर बघून आला. त्याने ओलं बोट या वेळी कुणाला दाखवलं नाही.

"भाऊ," दीपक म्हणाला, "आता गेट बंद करून महिनाभर दम धरला ना, तर गेलेली दोन अन् आधीची चार, साही बोटं भरतेत. बिनपावसाचा सांडवा वाहीन. तुमची शपथ पुरी होईन, पेपरात फोटो येईन."

भगवानरावांच्या डोळ्यांपुढे तो फोटो आला. दाढीसकट एक आणि दाढीशिवाय एक. मग त्यांनी विचारलं, "निंबारीची दुसरी पाळी कवा हाय?"

"येत्या पंधरा दिवसांत."

"मंग ते द्याची."

तिथून ते सरळ राजकुमारच्या दुकानात गेले आणि खुर्चीत बसले. मोतीराम बाकावर होता. तो अर्धवट उठला.

"सांडवा वाहला नाही अजून."

"नाही वाहला. शपथ मोडली मी. सांग जाऊन साऱ्या गावाले."

मोतीराम परत बाकावर टेकला. गेल्या वीस वर्षांत भगवानरावांनी कबूल केलेली ही पहिली हार होती, आणि तिचा आनंद काही केल्या होईना.

राजकुमारने कात्रीने रान कमी केलं आणि फेस चढवला. "कोन्या गालापासून, भाऊ?"

"राह्यला होता त्या."

डाव्या गालावर वस्तरा टेकला. मोतीरामने घसा खाकरला. "पन भाऊ, पुढच्या वर्षी तरी वाहीन का सांडवा?"

भगवानरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. राजकुमारने डाव्या हाताने त्यांची हनुवटी गच्च दाबून बंद केली.

"वस्तरा खाली ठेवेलोक काई बोलू नका, भाऊ," तो म्हणाला. "तीन महिने झाले, माही एकच दाढी चालू हाय."