मुळासकट गेलेला दोडका

"मूठ सैल सोड, बाई, दाणं जाऊं दे मातीला,
हिरवा जाब देतील तुझ्या एकेका बोटाला."

पेरणीच्या वेळी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली की मालनबाई असं म्हणायची, अन् तिची लेक रोहिणी बांधावर बसून ऐकायची. त्याला पंचवीस वर्षं झाली. आता रोहिणी माकणीच्या बाजूला एका लहानशा शाळेत शिकवत होती, आणि इथं दाण्याच्या आधी फ्लेक्स लागला होता. शाळेच्या परसबागेपेक्षाही लांबलचक. त्यावर मुख्याध्यापक शांतलिंग सर हात जोडून हसत होते, शेजारी इंटरनेटवरून उतरवलेला एक टोमॅटो.

तालुक्याची स्पर्धा होती, 'उत्कृष्ट परसबाग'. मुलांनी मातीतून शिकावं, हा हेतू. म्हणून सरांनी मुलांना मातीपासून चार हात लांब ठेवलं होतं. "कपडे मळतात. फोटो खराब येतो."

फक्त पाचवीतल्या श्रावस्तीनं पाण्याच्या टाकीपाशी दोडक्याच्या चार बिया टोचल्या. एकच जगली. रोज ती वेल मोजायची अन् वहीत लिहायची. 'आज चार बोटं वाढला.' 'आज त्यानं माझी करंगळी धरली, सोडंना.' परवा कळी दिसली, तेव्हा पोरगी डबा खायचाच विसरली.

पाहणीच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, टाकीजवळचं जंगल काढा. तिथं पत्तागोबी शोभंल."

"सर, पोरीनं दोन महिने जीव लावलाय त्याला."

"तुमचा गोपनीय अहवाल यंदा मीच लिहिणार न्हाय का?" सर अगदी मायेनं म्हणाले.

शाळा सुटल्यावर रोहिणीनं वेल उपटला. करंगळीएवढं मूळ, पण निघताना मातीनं ते धरून ठेवलं होतं.

सकाळी रिकाम्या जागेपुढं उभ्या श्रावस्तीला ती म्हणाली, "शेजारच्या शिवम्माची शेळी घुसली होती गं."

पोरगी उकिडवी बसून नुसती माती बघत राहिली.

सातला उमरग्याहून टेम्पो आला होता. मेथीच्या जुड्या मुळांसकट आलेल्या. त्या तशाच चिखलात रोवल्या गेल्या. एका वाफ्यात सुतळ्या सोडायच्या राहिल्या, तर मेथी कमरेला करदोटा बांधून उभी. गोबीला मूळच नव्हतं. तिला पाहुणीसारखं नुसतं बसवलं.

अकराला तालुक्याहून पाहणीचे साहेब आले, तोवर मेथीनं माना टाकल्या होत्या.

"हिला काय झालं?"

"लाजाळू जात आहे, साहेब," सर म्हणाले. "मोठी माणसं बघितली की असं करती."

साहेब हसले नाहीत. समोरच्या श्रावस्तीला त्यांनी विचारलं, "बाळ, तू काय शिकलीस या बागेत?"

सरांनी तिच्याकडून 'पालेभाज्यांत लोह असते' एवढं घोकून घेतलं होतं. तिनं वही उघडली.

"दोडका. दिवस त्रेपन्न. मॅडम म्हणाल्या, शेळीनं खाल्ला. पण शेळी पानं खाती, शेंडा खाती, बुंधा सोडती. इथं मूळसुद्धा न्हाय. लेंडी न्हाय. ओल्या मातीत खूर उमटला न्हाय. म्हणून शेळी न्हाय."

"लई हुशार पोरगी!" सर घाईनं म्हणाले. "पुढं फौजदार होणार! चला साहेब, चहा..."

साहेब हलले नाहीत.

रोहिणीला वाटलं, एवढ्या हिरव्या देखाव्यात खरोखर उगवलेलं हे एवढंच. आपण शेळीचं नाव घेतलं, अन् पोरीनं शेळीला सोडवलं.

श्रावस्ती तिच्याकडं वळली. डोळ्यांत राग नव्हता. उत्तर हवं होतं फक्त.

"मॅडम, मग कुणी?"

सरांनी खाकरून पाहिलं. रोहिणीच्या तोंडातली शाळेची भाषा कुठं गेली कोण जाणे.

"म्या उपटला, पोरी," ती म्हणाली. "माझ्या अहवालाच्या भेवानं. अन् वर तुला खोटं सांगितलं."