चिंधू कोणत्या गटाचा?

मी एक जुना बाहुला आहे, मित्रांनो. हातात घालून नाचवायचा. माझं डोकं कागदाच्या लगद्याचं आहे आणि त्याला कीड लागू नये म्हणून मुनव्वर सरांनी लगद्यात मेथीची पूड मिसळली होती. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिल्यापासूनच थोडा कडूपणा आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल, तर शेजारच्या खुंटीवर रणधीर टांगलेला आहे, त्याच्याकडे जा.

मुनव्वर सर बडनेऱ्याच्या आमच्या शाळेत कार्यानुभव शिकवायचे. त्यांनी एका दिवाळीच्या सुट्टीत दोन बाहुले घडवले. रणधीरला जरीचा अंगरखा मिळाला. उरलेल्या तुकड्यांचा सदरा सरांच्या बायकोनं, फरजानाबाईंनी, मला शिवला, म्हणून माझं नाव चिंधू. आमचं नाटकही सरांनीच लिहिलं. त्यात रणधीर हा नायक आणि मी त्याचा मित्र. तो दरोडेखोरांशी लढतो, मी धोतरात पाय अडकून पडतो. त्याला टाळ्या, मला हशा. पंधरा वर्षं हेच चाललं आणि सवयीनं मला त्याचं काही वाटेनासं झालं.

एकच प्रवेश माझा होता. दरोडेखोर मला एकट्याला गाठतात आणि विचारतात, रणधीर कुठे लपलाय? मी थरथर कापतो, पण सांगत नाही. ते काठीनं बदडतात, तरी सांगत नाही. तेवढ्यापुरती पोरं हसायची थांबत.

आमच्या शाळेत मुलांचे चार गट आहेत: शौर्य, निष्ठा, विद्या आणि सेवा. सरांनी नाटकातही तेच घेतले आणि आम्हा दोघांना शौर्य गटाचे लाल पट्टे बांधले. वादाचं मूळ तेच. निष्ठा गटाची पोरं म्हणायची, "हा भित्रा तुमच्यात कसा काय? दोस्तासाठी मार खाल्ला, म्हंजे आमच्यातलाच हाय ना हा!" शौर्य गटवाल्यांनाही मी फारसा हवा होतो असं नाही, पण आपली वस्तू दुसऱ्याला द्यायला कोणाला आवडतं? मला मात्र कोणी विचारलं नाही.

मला जपलं ते एकट्या देवमनकाकानं. देवमनकाका म्हणजे शाळेचा कंत्राटी शिपाई. अकरा वर्षं तो घंटा वाजवत होता, पाणी भरत होता. पावसाळ्यात माझं डोकं ओलं झालं की तो मला व्हरांड्यातल्या उन्हात ठेवायचा. एकदा माझी मान निखळली, तर त्यानं ती सुतळी गुंडाळून, डिंक लावून बसवली होती.

यंदा शाळेनं वक्तृत्व स्पर्धेला विषयच ठेवला, 'चिंधूचा गट चुकला आहे का?' शौर्य गटाकडून बोलायला सातवीतली हर्षा उभी राहणार होती. दोन वर्षं माझ्या पोटात तिचाच हात होता. अंगठा आणि मधलं बोट माझ्या बाह्यांत, तर्जनी मानेत. रणधीरला तिची जिवलग मैत्रीण आकांक्षा नाचवायची. पहिलीपासून दोघी एका बाकावर. आकांक्षा पुढे आणि हर्षा तिच्या मागे, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधीची गोष्ट. मधल्या सुट्टीत दोघींनी तालमीसाठी देवमनकाकाकडून हॉलची किल्ली मागितली.

"लवकर वापस आणजा बरं," तो म्हणाला आणि गेटवर गेला.

तालीम राहिली बाजूला. आकांक्षानं स्नेहसंमेलनासाठी आणलेला नवा स्पीकर सुरू केला आणि ती नाचायला लागली. नाचता नाचता तिचा पाय वायरमध्ये अडकला आणि स्पीकर टेबलावरून फरशीवर आदळला. समोरची जाळी आत गेली, आवाज बंद.

आकांक्षा पांढरीफटक पडली. "हर्षा, तुले माही शपथ हाय. कोणाले सांगजो नोको. सांगितलं त आपली दोस्ती खतम."

हर्षानं मला हातातून काढलंही नाही, तशीच ती तिच्यामागून बाहेर पळाली.

पाऊण तासानं मोडका स्पीकर पाहून मुख्याध्यापिका साधना मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. हॉलची किल्ली देवमनकाकाकडे असायची, म्हणून पहिला सवाल त्यालाच. तो सरळ बोलला, "मॅडम, किल्ली म्या या दोन पोरींले देल्ली होती. मी त गेटवर होतो. पोरी सांगतीन ना तुमाले."

"खरं का गं?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," आकांक्षा म्हणाली. "आम्ही मैदानावर होतो. किल्ली घेतलीच नाही. हो ना हर्षा?"

देवमनकाका हर्षाकडे बघत होता. घाबरून नाही, अगदी भरवशानं. पोरगी सांगेल, एवढंच त्याच्या मनात होतं. हर्षानं मान हलवली. मी अजून तिच्याच हातात होतो, आणि घाईत तिचं माझ्या मानेतलं बोटही वाकलं, मित्रांनो. त्यानं सुतळी गुंडाळून बसवलेली मान त्याच्याच तोंडावर 'हो' म्हणून हलली. पंधरा वर्षांत असा विटाळ मला झाला नव्हता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांनी पाहिली. कामात निष्काळजी आणि वर खोटं बोलतो, असं कागदावर लिहिलं गेलं आणि देवमनकाकाला महिनाअखेरपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. तो एवढंच म्हणाला, "मले विसर पडला असन, मॅडम." पोरींना खोटं पाडायला त्याची जीभ उचलली नाही.

तीन दिवसांनी स्पर्धा झाली. निष्ठा गटाची निखत आधी बोलली. तिचं म्हणणं सरळ होतं, की मित्राचं नाव न सांगणं ही निष्ठाच, त्याला शौर्याचा पट्टा कशाला? मग मला हातात घालून हर्षा उभी राहिली आणि काय बोलली म्हणता! ती म्हणाली, "चिंधू भितो, तरी तोंड उघडत नाही. मित्रासाठी गप्प राहायलाही छाती लागते. निष्ठा आणि शौर्य वेगळं नसतंच." बोलताना तिचा गळा दाटून आला. पोरांना वाटलं, काय जीव ओतून बोलते! परीक्षक भगवंतराव, जुने निवृत्त हेडमास्तर, त्यांनी चष्मा पुसला. ढाल हर्षाला मिळाली आणि चिंधूचा गट बरोबर आहे असा निकाल लागला. आकांक्षानं सगळ्यांच्या आधी तिला मिठी मारली.

मला त्या मिठीत घुसमटायला झालं. नाटकात मी गप्प बसतो, तेव्हा मार मला पडतो. हर्षा गप्प बसली, तेव्हा मार कोणाला पडला? एवढा साधा फरक, पण तो ना निखतला दिसला, ना परीक्षकांना. हर्षाला तो दिसला होता. म्हणून तर तिचा गळा दाटला, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हॉल रिकामा झाल्यावर देवमनकाका सतरंज्या गोळा करायला आला. त्याचे शेवटचे चार दिवस उरले होते. हर्षा ढाल घेऊन दारात उभी होती. ती त्याला टाळून निघणार, तेवढ्यात तोच म्हणाला,

"खिडकीतून आयकलं पोरी तुहं भाषण. लय मस्त बोलली. माह्या डोयात पानी आलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हर्षाचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलते. मॅडमचं ऑफिस दहा पावलांवर होतं आणि दिवाही चालू होता. पण बाहेरून आकांक्षानं हाक मारली, "चाल ना वं, ऑटो निंघून राह्यला!" आणि हर्षा "थँक्यू काका" म्हणून गेली. जाताना तिनं मला खुंटीला अडकवलं आणि त्यानंतर कधी हातात घातलं नाही.

आता सहावीची दुसरी पोरगी मला नाचवते. नवीन शिपायाला बाहुल्यांचं काही पडलेलं नाही. पाऊस आला की मी ओलाच राहतो आणि लाल पट्ट्याचा रंग सदऱ्यावर उतरतो. तुम्ही मला उन्हात ठेवाल तर बरं होईल, नाही ठेवलं तरी मी कुरकुरणार नाही. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. दोस्तासाठी तोंड मिटायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा ते मिटण्याआधी एकदा बघून घ्या, की काठी कोणाच्या पाठीवर पडते आहे. तुमच्या पाठीवर पडत असेल, तर खुशाल गप्प बसा. दुसऱ्याच्या पाठीवर पडत असेल, तर बोला. गट कोणता, ते मागाहून ठरवू.