माझी कातडी, विनिताचा रंग

फोटो काढायचा म्हटल्यावर कोण बाई तोंडाला पावडर लावणार नाही, सांगा! मी आधी स्नो लावला, वर पावडर लावली, केसांत अबोलीचा वळेसर माळला, ठेवणीतली साडी नेसले आणि इथंच आमच्या तुये गावात दोन घरं सोडून राहणाऱ्या माझ्या पुतणीकडे, विनिताकडे गेले. तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काकी गो, आता कातडी खंय शोधू मी? जा, साबण लावून तोंड धू!"

धुतलं. रागानं खसाखसा धुतलं. मग तिनं मला जनेलातून येणाऱ्या उजेडात कदेलीवर बसवलं आणि नाक, कान, हनुवटी, मानेच्या वळ्या, सगळ्याचे इतक्या जवळून फोटो काढले, की मला मेलं कसंतरीच झालं.

विनिताचा उद्योग असा: कॉम्प्युटरवरच्या खेळांत माणसं असतात ना, त्यांची कातडी ती रंगवते. पुण्याच्या एका कंपनीनं तिला परीक्षेचं काम दिलं होतं. काजू फोडणारी एक म्हातारी, आठ दिवसांत रंगवायची. जमली तर घरी बसून नोकरी. नाहीतर एक तारखेपासून इथल्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जायचं, असं तिच्या बापसानं, माझ्या दिरानं गुरुदासानं, ठणकावून सांगितलेलं. मी तीस वर्षं कारखान्यात काजूच फोडले. पोर माझ्याकडे आली ती त्यासाठी.

मी रोज जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी पडद्यावर माझ्या तोंडाची करडी बाहुली होती. तिनं त्यावर सगळीकडे तांबडा रंग फासला. मी ओरडले, "अगो, माका सोललंस की काय?"

"आतलं रक्त आधी दिसायला हवं, काकी."

मग कपाळाला पिवळसर, नाकाला नि कानाला लाली, डोळ्यांखाली निळसर, असे एकावर एक थर. त्यावर बारीक भोकं. नाकावरची मोठी, गालावरची घट्ट. कुठं घामट चमक, कुठं कोरडं. अर्धं तोंड रंगवलं की उरलेलं अर्धं यंत्र आपोआप उमटवतं म्हणे. पण हिनं ते बटण दाबलं नाही. "तुझो तीळ एकाच गालावर आसा," म्हणाली. माझ्या तोंडाकडे नवऱ्यानंसुद्धा कधी एवढं निरखून बघितलं नसेल! मी तिच्या बोटांकडे बघत राहायचे आणि घरी चुलीवर आमटी करपायची.

शेवटचे दोन दिवस हातांना गेले. काजूच्या टरफलातलं तेल कातडीवर उततं, भाजतं. राख चोळा, काही चोळा, बोटांची सालं निघतात आणि नवी कातडी येते ती काळपट. ती तिनं टोकाटोकावर तशीच्या तशी रंगवली.

आठव्या दिवशी सकाळी काम पाठवलं. दुपारी कंपनीच्या मंगेशचं उत्तर आलं. तोच तिचं काम तपासणार होता. "चेहरा अप्रतिम. बोटांवरचे काळे डाग मात्र रंगाची चूक वाटतात. काढून पाचपर्यंत पाठवा."

डागांचा थर वेगळा होता. विनितानं एक बटण दाबलं आणि पडद्यावर माझे हात स्वच्छ झाले. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडले. लग्नात माझे असेच होते.

"दी गो पाठवून," मी म्हटलं. "नोकरी तरी मिळांदे."

मग तिनं डाग परत आणले.

"ते स्वच्छ हात पाठवणार नाही. ते काजू फोडणाऱ्या बाईचे हात नव्हेत."

"आणि बापूस काय म्हणतलो?"

"जाईन पॅकिंगला." तेवीस वर्षांची पोर, पण काय छाती! मला तिचा फार अभिमान वाटला.

तिनं मंगेशला व्हिडिओ कॉल लावला. तो शांतपणे समजावत होता, की बघणाऱ्याला ती चूकच वाटेल. माझं डोकं फिरलं. मी मध्ये घुसले आणि दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरले.

"बघ रे पुता! ही चूक? तीस वर्षांची ही चूक?"

तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "काकी, जरा जवळ आणा." मी आणले. त्यानं शेजारच्या दोघांना बोलावून दाखवले. तिघंही कधी माझ्या हातांकडे, कधी विनिताच्या चित्राकडे बघत होते.

"विनिता, काही काढू नका," तो म्हणाला. "एक तारखेपासून आमच्याकडे कामाला लागा."

विनिता किंचाळून माझ्या गळ्यात पडली. मी तिला दूर करीत होते, अगो, तो बघतोय! मंगेश अजून तिथंच होता.

"काकी," त्यानं हळूच विचारलं, "दुखायचं का हो?"

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मालकानं नाही, नवऱ्यानं नाही, घरातल्या कुणी नाही. मीही कधी सांगितलं नव्हतं.

"दुखायचं रे," मी म्हटलं. "भातात तिखट आमटी कालवताना." आणि मला जे रडू फुटलं, ते आवरेचना.