दिगू गच्चीवर आहे

खिडकीतून आत येणाऱ्या चपट्या वायरवर चुन्याचा एक ठिपका आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो टीव्हीच्या मागे होता. आता तो खिडकीच्या गजांपासून चार बोटांवर आहे. फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की ही वायर हातभर बाहेर ओढली जाते. स्पर्धा संपली की जिथे असेल तिथे थांबते. वायरचं वरचं टोक अँटेनाला जोडलेलं आहे आणि अँटेना माझ्या भावाच्या हातात आहे.

दिगू १९८६ साली अँटेना फिरवायला गच्चीवर गेला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. स्पर्धा मेक्सिकोत होती, ब्राझील आणि फ्रान्सची मॅच पेनल्टीवर आली होती आणि टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या. अख्खी गल्ली आमच्या खोलीत बसलेली. कोल्हापुरात आमच्यासारख्या गल्ल्यांना ब्राझील हा शेजारचा तालुका वाटतो. दिगू पायऱ्या चढून गेला आणि वरून त्याने हाक मारली, "आक्का, आलं काय गं?"

चित्र आलं होतं. अगदी स्वच्छ. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीशी उभ्या असलेल्या आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिने खिडकीतून काय पाहिलं ते तिने मला कधीच सांगितलं नाही.

"न्हाई म्हण," ती म्हणाली.

"न्हाई अजून," मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी लोक आले, बसले, डोळे पुसून गेले. आईने सगळ्यांना चहा दिला आणि दिगू वर आहे असं सांगितलं. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. तिथे लोखंडी पाइप होता, वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. दिगू नव्हता.

चार वर्षांनी इटलीत स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी वायर सरकली आणि वरून त्याच आवाजात हाक आली, "आलं काय गं?" आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई अजून," मी म्हणाले. "जरा डावीकडं फिरीव."

तेव्हापासून आमच्या घरात हा नियम आहे. चित्र आलं असं दिगूला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचं वरचं काम संपेल. टीव्ही जुनाच आहे, काळापांढरा, आणि चाळीस वर्षांत त्यावर एकदाही मुंग्या आलेल्या नाहीत. दिगूने अँटेना इतका नीट लावला आहे की खेळाडूंच्या बुटांच्या नाड्या दिसतात. स्पर्धा चालू असताना आई टीव्हीकडे पाठ करून बसते.

१९९४ साली ब्राझील जिंकलं, तेही पेनल्टीवर. आईला राहवलं नाही. तिने खिडकीतून वर ओरडून सांगितलं, "दिगू, जिंकलो रं आपण."

"मग फ्रान्स हरलं?" वरून प्रश्न आला.

आई खिडकीतून मागे सरली. त्याच्यासाठी १९८६ची ती एकच मॅच चालू होती आणि ती आपण केव्हाच हरलो होतो. पुढच्या वेळी फ्रान्सने ब्राझीलला अंतिम सामन्यात हरवलं आणि त्यानंतर आईने त्याला कुठलाच निकाल सांगितला नाही. २००२ साली ब्राझील पुन्हा जिंकलं, गल्लीत गुलाल उडाला, तेव्हा तिने खिडकी लावून घेतली होती.

मी भौतिकशास्त्र शिकवते. आवाज लांबून येऊ लागला आहे हे मला जर्मनीतल्या स्पर्धेच्या वेळी जाणवलं. गच्ची होती तिथेच होती, पण हाक आणि उत्तर यांच्यात अंतर पडू लागलं. आता माझा शब्द वर पोचायला आणि त्याचा खाली यायला कपातला चहा निवतो. ध्वनीचा वेग मला पाठ आहे. तरी मी तो हिशेब कधी केला नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या वेळी टीव्ही सरकत सरकत खिडकीला टेकला आणि वायर त्यातून निसटली. चित्र तसंच राहिलं. आईने ते टोक झेलून मनगटाला गुंडाळलं. स्पर्धा संपली की ती ते सोडते, सुरू झाली की पुन्हा गुंडाळते.

"गजाला बांधूया की," मी म्हणाले.

"गजाला त्यो काय कळतोय?"

रद्दीवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा मी वायरला लावून पाहिला. काट्याने बावीस किलो दाखवले. शाळेच्या शेवटच्या तपासणीत दिगूचं वजन तेवढंच भरलं होतं.

शेजारचे शौकतमामा एके काळी गल्लीच्या टीमचे गोलकीपर होते आणि दर स्पर्धेला ब्राझीलचा झेंडा तेच बांधतात. रशियातल्या स्पर्धेच्या वेळी ते पक्कड घेऊन आले. "वैनी, डोळं मिटा," म्हणाले आणि वायरवर पक्कड दाबली. वायर तुटली नाही. आईच्या मनगटातून रक्त आलं. पक्कड तिच्यापासून हातभर लांब होती. मामांनी ती खिशात घातली आणि त्यानंतर ते दारातूनच बोलतात.

कतारची स्पर्धा थंडीत झाली. दिगू म्हणाला, "आक्का, गार लागतंय." आईने त्याचा निळा स्वेटर वायरवर घातला. स्वेटर वर सरकत गेला, गजांतून बाहेर पडला आणि दिसेनासा झाला. मग तिने भाकरी पाठवली. स्वतःच्या ताटातली अर्धी. मग पाऊण. त्या महिन्यात स्प्रिंगचा काटा तेवीसवर आला आणि आईचा ब्लाउज खांद्यावरून उतरू लागला. स्पर्धा संपल्यावरही तिला पुन्हा जेवण गेलं नाही.

या वर्षी स्पर्धा पुन्हा मेक्सिकोत आली आहे. सोबत अमेरिका आणि कॅनडाही आहेत, संघ पूर्वीपेक्षा जास्त आणि दिवसही जास्त. काही मॅच आपल्याकडे सकाळी दिसतात. मी कॉलेजात रजा टाकली आहे.

गजांमधलं अंतरही वाढलं आहे. पूर्वी त्यातून मांजर कसंबसं जायचं. काल माझं डोकं आणि एक खांदा गेला.

आज सकाळी मी आईला वजनकाट्यावर उभं केलं.

"किती?" तिने विचारलं.

"पंचवीस."

"आणि त्यो?"

"चोवीस आणि थोडं वर."

"जेवतोय म्हणायचं." तिला बरं वाटलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि वायरवर ठेवला.

"आई, आज तू खा."

"तू कशाला मोजत बसतीयास? मोजून मोजून माणूस हलकं हुतंय."

तुकडा वर गेला. दारातून शौकतमामा मला म्हणाले, "प्रमिला, झेंडा बांधायला शिडी पुरंना झालीय. पोरानं अँटेना फिरवत फिरवत मेक्सिकोलाच टेकवला वाटतं." कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि आईच्या पायांकडे पाहिलं. "वैनी," ते हळूच म्हणाले, "टाचा."

आईच्या टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या. खाली कागद सरकवता आला असता. तिचा उजवा हात गजांकडे ताणला गेला होता आणि मनगटाजवळची कातडी वायरच्या रंगाची झाली होती.

वरून आवाज आला. फार लांबचा होता, पण एकेक अक्षर कळत होतं.

"आक्का. हात दुखाय लागल्यात."

हे तो यापूर्वी कधी म्हणाला नव्हता. मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही.

"गोल मारला काय फ्रान्सनं? कुणीच काय सांगंना झालंय."

"सांगू नगंस," आई म्हणाली. "त्यो रडंल."

"आई, तू चाललीयास."

"जाऊ दे की. त्येच्याकडंच चाललीया." मग तिचा आवाज बदलला. "पर तू एकटी पडशील, न्हाई?"

तिच्या पायांची बोटंही जमिनीवरून सुटली. मी खाली बसले आणि तिचे दोन्ही घोटे धरले. ते माझ्या मुठीत मावत होते. पाठीमागे टीव्हीवर मैदान दिसत होतं, गवताची पाती सुटी सुटी. चुन्याचा ठिपका गजांतून बाहेर गेला.

"आक्का, आलं काय गं?"

आईने मोकळा हात माझ्या तोंडाकडे आणला. तो पोचला नाही.

"आलंय, दिगू," मी वर तोंड करून ओरडले. "कवाच आलंय. लई चांगलं दिसतंय. हरलो आपण. सोड आता."