चार बोटे जास्त

मित्रांनो, माझ्या शंभर कड्यांपैकी नव्व्याण्णव कड्यांची हमी मी आजही देईन. मी जमीन मोजण्याची जुनी साखळी आहे. उन्हात मी किंचित लांबते, थंडीत आखडते. स्वस्थ पडून राहणे मला कधी जमलेच नाही.

माझा मोजणीदार काटेकोर होता. कचेरीच्या ओट्यावर दोन खिळे ठोकलेले होते. रोज सकाळी त्यांच्यामध्ये मला ताणून पाहिल्याशिवाय तो बाहेर पाऊल टाकत नसे. लोक त्याला हसत, पण त्याच्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

दोन राज्यांची सीमा आखताना मुक्काम रानात पडला. नदीकाठापासून ठरलेले अंतर मोजून दगड रोवायचा होता. वाटेत गाडीच्या चाकाखाली माझी एक कडी तुटली. त्याने तार वळवून नवी घातली. तपासायचे खिळे दूर कचेरीत होते. पुढच्या तीन दिवसांत त्याने मला तीनशे वेळा पसरले आणि दगड रोवला. परतल्यावर खिळ्यांवर धरले, तर मी चार बोटे जास्त भरले. तीनशे वेळा चार बोटे, चोवीस बोटांचा एक हात, म्हणजे पन्नास हात. दगड तेवढा पुढे गेला होता, आणि चुकून आमच्या राज्यात आलेल्या त्या पट्ट्यात त्याच्या धाकट्या बहिणीचे घर होते. त्याने मला गुंडाळून ठेवले आणि ब्र काढला नाही. त्यानंतर बहिणीकडे गेला, तरी तो दारातूनच परतू लागला.

वीस वर्षांनी दोन्ही राज्ये त्या दगडावरून न्यायालयात गेली. तिथे मला पुन्हा मोजले. न्यायाधीशांनी माझ्या मोजणीदाराला एवढेच विचारले, की ही कडी मोजणीच्या आधी बदलली की नंतर? ‘नंतर’ म्हटले असते, तर दगड जागचा हलला नसता. कडी कधी बदलली हे ठाऊक असलेला माणूस एकटा तोच, आणि समोर बहीण बसली होती. माझ्या टोकाची मूठ त्याच्या हातात होती. त्याने ती तारेची कडी न्यायाधीशांसमोर धरली.

"आधी," तो म्हणाला. "मला त्याच आठवड्यात कळलं होतं."

दगड पन्नास हात मागे सरकवण्याचा निकाल लागला. पायऱ्यांवर बहिणीने त्याला गाठले.

"दादा, आता परराज्यात गेले मी. येशील, की तेवढंही अंतर मोजून बघणार?"

"येईन," तो म्हणाला. "आणि या वेळी मुक्कामाला येईन."

मित्रांनो, मी आता न्यायालयाच्या कपाटात आहे. मला घासूनपुसून चकचकीत करू नका, तारेची कडीही बदलू नका. तुमचे माप मात्र वापरण्याआधी खिळ्यांवर धरा. जास्त भरले, तर त्याच दिवशी सांगा.