मामा हौदातून वर येत नाहीत

समुद्रात बुड्या मारायला जाणारी माणसं पाठीवर सिलिंडर बांधतात. त्यातली हवा एवढ्या दाबाची असते की थेट तोंडात सोडली तर माणूस फुग्यासारखा फुटेल. माणसाने श्वास ओढला की तेवढीच हवा बेताने देतो तो रेग्युलेटर, आणि असे रेग्युलेटर खोलून, धुऊनपुसून, रबरी कड्या बदलून पुन्हा जोडतात ते माझे मामा. गेलं वर्षभर मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. चांगली पंख्याखालची नोकरी सोडून शिकत होते, असं आई म्हणायची. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं, की यंदा मामांनी पास केलं नाही तर मुकाट्याने ऑफिसात परत जायचं.

मामांचा हात धरणारं या धंद्यात कुणी नव्हतं. पण त्यांनी लावलेला रेग्युलेटर हवा द्यायचा तो नाक मुठीत धरून मागितल्यावरच. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. घरातले नळसुद्धा त्यांनी असे आवळून ठेवले होते की मामीला दोन्ही हात लावावे लागत. मामीने केलेली भाजी कशी झाली हे तिने दोनदा विचारलं, तर 'बरी आहे' एवढं मिळे.

दुकानात काचेचा एक उंच हौद होता. मी जोडलेला रेग्युलेटर तोंडात धरून मामा त्यात तळाशी बसणार, लांब नळीने जोडलेला सिलिंडर बाहेर माझ्यापाशी राहणार, आणि वर आले की ते निकाल सांगणार, अशी परीक्षा होती. मी हट्टाने माझा रेग्युलेटर हलका लावला. स्प्रिंग, लिव्हर, रबरी पडदा, सगळं असं जुळवलं की श्वास घ्यावासा नुसता वाटला तरी हवा हजर, आणि तरीही एक बुडबुडा वाया नाही.

मामा एप्रनसकट उतरले. पहिल्या श्वासाला त्यांच्या भुवया मास्कमध्ये वर चढल्या. दुसऱ्याला डोळे मिटले. आणि मग ते वर येईचनात.

सिलिंडर संपत आला की मामा काचेवर टिचकी मारत. ते श्वास धरून बसत आणि मी झटपट दुसरा जोडत असे. दुसऱ्या दिवशीही ते हौदातच होते. मामी वरून सोललेली केळी सोडायची. फरशी पुसताना सवयीने 'पाय वर घ्या' म्हणाली तर त्यांनी पाण्यात पाय वर घेतले. एक दाढीवालं गिऱ्हाईक काचेला नाक लावून आपली रडगाणी सांगत बसलं. मामांनी अंगठा आणि बोट जुळवून 'सगळं ठीक' अशी खूण केली, तेव्हा ते गहिवरलं. इतक्या वर्षांत मामांनी त्याच्या कशालाच ठीक म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई आली. पोरगी पास की नापास, असं तिने काचेपाशी ओरडून विचारलं. मामांनी तीच खूण केली. खुणांवर माझा विश्वास नाही, तोंडाने सांगितलं तरच मानीन, असं म्हणून आई स्टुलावर ठाण मांडून बसली.

"त्यांना वर काढायचं तर थोडा त्रास द्यावा लागेल," मामी म्हणाली. "सुखात कधी थांबायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही."

मी पाना घेतला आणि रेग्युलेटरचा सिलिंडरच्या तोंडाशी असलेला दाबाचा स्क्रू मागे फिरवला. आता एकेक श्वास मामांना ओढून काढावा लागणार होता. स्वतःच्या हातांनी स्वतःचं काम नासवताना मला रडू आलं आणि मी रडले. मामांनी डोळे उघडले. दोनचार श्वास कसेबसे ओढले आणि निथळत वर आले.

"आता जमलं," ते म्हणाले. "पास. त्या स्क्रूला आता हात लावायचा नाही, लावलास तर नापास."

आधी काय चुकलं होतं, असं मी विचारलं.

"असं न मागता मिळायला लागलं तर माणूस वर कशाला येईल?"

आईने सुटकेचा श्वास सोडला. मामीने फडकं बादलीत टाकलं, हात कोरडे केले आणि मामांच्या कपाळावरचा मास्क काढून घेतला.

"होता तसा हलका करून दे गं," ती मला म्हणाली.

मामा माझ्याकडे बघत होते, आईही बघत होती. मला ऑफिसातली माझी खुर्चीसुद्धा दिसली. मी स्क्रू होता तिथे आणून ठेवला.

मामीने आपला चष्मा आईच्या हातात दिला आणि रेग्युलेटर तोंडात धरून हौदात उतरली. पहिल्या श्वासाला तिचे खांदे खाली आले. ते एवढे वर असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. मामांनी काचेवर टकटक केलं. तिने डोळे उघडले नाहीत.

"म्हणजे पोरगी नापास का?" आईने विचारलं.

मामांनी आधी मामीकडे, मग सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. मग ओल्या अंगानेच उठले आणि भरलेला सिलिंडर ओढत माझ्यापाशी घेऊन आले.

"हा तयार ठेव," ते म्हणाले. "आणि खिडकीजवळचं टेबल उद्यापासून तुझं."

टेबल मी मागितलं नव्हतं. मामीनेही अजून टिचकी मारली नव्हती.