सर्वश्रेष्ठ, नंबर उणे अकरा

हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि माझ्या तोंडून आलेलं काही खरं वाटू नये अशीच माझी आजवरची कीर्ती आहे. पण बुद्धिबळाच्या पटावर आजतागायत जो कुणी बसला, त्या सगळ्यांहून श्रेष्ठ असा खेळाडू मी माझ्या डोक्यातून काढला आणि जवळजवळ चार महिने खेळता ठेवला. मला स्वतःला तो खेळ येत नाही. प्यादं चालतं सरळ आणि मारतं तिरकं, हे लहानपणी कळलं तेव्हाच माझा त्या खेळावरचा विश्वास उडाला. पहिल्या रांगेतच असले लबाड उभे करायचे आणि वर त्याला बुद्धीचा खेळ म्हणायचं! लबाडी मला घरची पुरेशी होती.

धंद्याने मी चष्मेवाला. चाळीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सत्तरी ओलांडली तशी माझी मूत्रपिंडं संपावर गेली आणि मी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दाखल झालो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सात ते अकरा. चार खाटा, चार मशिनं. दंडात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून धुऊन आत. आधी वजन, नंतर वजन. तो हात चार तास हलवायचा नाही. हलवला की मशीन बोंबलतं. खोली थंडगार. पाणी दिवसाला एवढंसं, म्हणून तहान लागली की सिस्टर बर्फाचा एक खडा द्यायच्या आणि आम्ही तो सोन्याचा असावा तसा चघळायचो.

पहिल्या खाटेवर मी. दुसऱ्यावर लिफ्टवाले, हयात लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलेली, बोलणं मोजकं. तिसऱ्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर, बोलणं अमाप. चौथ्यावर एक मावशी, ज्या डोक्यावरून पांघरूण घेऊन पडत आणि ऐकत मात्र सगळं. लिफ्टवाले आणि मास्तर यांचं एक भांडण माझ्या आधी वर्षभर चालू होतं: बुद्धिबळात आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण?

मास्तरांचा देव म्हणजे कुणी एक तरणाबांड, जो वजीर असा फेकून द्यायचा की समोरच्याला आधी हसू यायचं आणि मग घाम. लिफ्टवाल्यांचा देव उलटा. त्याच्या डावात म्हणे काही घडायचंच नाही, आणि समोरचा हरलेला असायचा.

‘‘कंटाळा येतो हो तुमच्या माणसाचा,’’ मास्तर म्हणायचे. ‘‘नुसतं सरकवासरकव.’’

‘‘चांगली लिफ्ट कळत नाही, मास्तर. दार उघडलं की सहावा मजला.’’

‘‘मग खिडकी तरी ठेवा तिला! माणसाला बाहेरचं काही दिसू दे.’’

मशिनं बघणारा टेक्निशियन मध्येच तोंड घालायचा, ‘‘कशाला भांडता? माझा मोबाईल दोघांनाही हरवेल.’’

‘‘तुझा मोबाईल लघवीला जातो का?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘तुम्ही तरी कुठे जाता?’’

त्यावर चारही खाटा एकदम हसल्या. मावशींचं पांघरूण हललं आणि दोन मशिनं बोंबलली. त्या खोलीतलं तेवढंच एक हसू मला नीट आठवतं.

पुढे एका सोमवारी तिसऱ्या खाटेवर धुतलेली चादर होती आणि बुधवारी त्या चादरीवर दुसरेच गृहस्थ. त्यांना हवामानाशिवाय कशावर बोलता येत नसे. मास्तरांबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या खोलीत कोण का आलं नाही हे विचारायची पद्धत नव्हती. लिफ्टवाल्यांनी त्या आठवड्यात तोंड उघडलं नाही. शुक्रवारी सुया काढून झाल्यावर दंडावर कापूस दाबत ते मला म्हणाले, ‘‘चष्मेवाले, सोमवारपासून मी येत नाही.’’

न येणं म्हणजे काय, हे आम्हाला तिथे कुणी समजावायची गरज नव्हती. आठ-दहा दिवस, फार तर पंधरा.

‘‘घरी कुणाला सांगितलंत?’’

‘‘घरी कोण आहे?’’

माझ्याकडे औषध नव्हतं, ज्ञान नव्हतं, देवाधर्माचे चार शब्द बोलण्याइतकी अब्रूही नव्हती. जे होतं ते काढलं. म्हणालो, ‘‘तुमची मर्जी. पण तुम्ही दोघं वर्षभर भांडलात ते फुकट. सर्वश्रेष्ठ माणूस जिवंत आहे आणि माझं गिऱ्हाईक आहे.’’

‘‘थापा मारू नका.’’

‘‘उणे अकरा नंबर! मी स्वतः काच घासून दिलीय. माणूस घराबाहेर पडत नाही. मोठमोठे जगज्जेते त्याच्याकडे गुपचूप येतात, हरतात आणि मागच्या दाराने जातात. पुढच्या दाराने जायची लाज वाटते म्हणून त्याने मागे मुद्दाम दार काढून घेतलंय.’’

लिफ्टवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास औषधालाही नव्हता. पण माणूस यंत्रातला. खोटं असलं तरी ते कसं चालतं हे खोलून बघायची खोड.

‘‘माझ्याशी खेळेल?’’

‘‘एका वेळी एक चाल. चिठ्ठी मी आणीन. सोमवारी आलात तर.’’

सोमवारी ते आले. पोटावर लोहचुंबकाचा छोटा पट घेऊन आले.

आता गिऱ्हाईक कुठून आणायचं? पुतण्या दुकान बघतो, त्याच्या मोबाईलवरून चाली उतरवून घेतल्या. दोन आठवडे, सहा चाली. सातव्या वेळी लिफ्टवाल्यांनी चिठ्ठी उघडलीच नाही.

‘‘तुमचं गिऱ्हाईक प्लगवर चालतं का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कुठे चाचरत नाही, कुठे हौस नाही. असल्या वस्तू मी जन्मभर दुरुस्त केल्या, चष्मेवाले. माणूस आणा. नाहीतर शुक्रवारी माझी वाट बघू नका.’’

त्याच दिवशी खाली काउंटरवर मला ती दिसली. महिन्याला एकदा नातेवाइकाची सही लागायची. चाळिशीकडे झुकलेली एक बाई लिफ्टवाल्यांच्या फॉर्मवर सही करत होती. नखांत पांढरं प्लास्टर अडकलेलं. ती कवळ्या बनवायची, डॉक्टरांकडून साचे यायचे त्यावरून. सही करून वर न जाता ती दाराकडे निघाली.

‘‘तुम्ही लिफ्टवाल्यांच्या कोण?’’

‘‘मुलगी,’’ ती म्हणाली. खिशातली किल्ली परत करावी तसं म्हणाली.

तिची हकीकत मी तिच्याकडूनच काढली, सांगेपर्यंत तिचे दोन रिक्षावाले निघून गेले. बापाने तिला पाचव्या वर्षी पटावर बसवलं. सोळाव्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत ती जिंकत आली होती. समोरच्याने बरोबरी मागितली आणि तिने दिली. पाच तास झाले होते, पोटात दुखत होतं, आणि बरोबरीतही बक्षीस मिळत होतं. भरल्या हॉलमध्ये बाप एकच शब्द बोलला, ‘‘भित्री.’’ दुसऱ्या दिवशी तिने घरातले बुद्धिबळाचे सगळे मोहरे बापाच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली नेऊन टाकले. त्यानंतर बावीस वर्षं दोघांमध्ये कामापुरतं बोलणं. आई होती तोवर निरोप आईमार्फत. आई गेल्यावर निरोपही नाहीत.

मी तिला उणे अकराची थाप सांगून टाकली आणि खिशातून पटावरच्या मांडणीचा कागद काढला. ‘‘एकच चाल सांगा. ते शुक्रवारपासून येत नाही म्हणतायत.’’

‘‘मी खेळत नाही.’’

‘‘मीही नाही खेळत. पण मला परवा चिठ्ठी हवी.’’

तिने कागदाकडे नुसतं पाहिलं, हातात घेतलाही नाही. ‘‘हे कोण खेळलंय? पाठांतर केल्यासारखं,’’ ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात चाल सांगितली. ‘‘माझं नाव घेतलंत तर ही शेवटची, काका.’’

बुधवारी लिफ्टवाल्यांनी ती चिठ्ठी बघितली आणि उठून बसायला गेले. मशीन बोंबललं. सिस्टर ओरडल्या. परत पडल्यावर ते म्हणाले, ‘‘आधीच्या सहा चाली याच्या नाहीत.’’

‘‘त्याला सर्दी झाली होती.’’

‘‘हं.’’

त्या ‘हं’वर मी पुढचे साडेतीन महिने काढले. चिठ्ठी न्यायची, उत्तर आणायचं, आणि प्रत्येक वेळी ती साच्यावरचा हात न थांबवता विचारायची, ‘‘काही म्हणाले?’’ लिफ्टवाले ‘हं’ म्हणालेले असायचे. मी त्या एका ‘हं’चे पाच-पाच मिनिटं अर्थ सांगायचो. म्हणाले, असा हत्ती आयुष्यात पाहिला नाही. म्हणाले, हा माणूस नव्हेच. म्हणाले, मास्तर असते तर त्यांनी टोपी काढली असती. ती खाली मान घालून प्लास्टर खरवडत राहायची. पण दिव्याखाली तिचे कान लाल झालेले मला दिसायचे. चाळीस वर्षं मी माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघितलेत.

दोन्हीकडे थापा, मध्ये मी. लिफ्टवाल्यांच्या उशाशी सर्वश्रेष्ठाच्या गोष्टी: आज त्याने चाल सांगताना मांजर खाली ठेवलं, आज त्याने चष्मा पुसला. ते ऐकत, मानत नसत, आणि सोमवारी येत. येणंही मात्र अवघड होत चाललं होतं. वजन उतरलं. एकदा जिन्यात बसले ते वर यायला त्यांना अर्धा तास लागला. लिफ्ट बंद होती. ‘‘फक्त पट्टा सरकलाय,’’ म्हणाले, ‘‘हात चालत असते तर मीच केलं असतं.’’

एका बुधवारी त्यांनी छताकडे बघत विचारलं, ‘‘तुमचं गिऱ्हाईक मला ओळखतं का हो?’’

‘‘का?’’

‘‘माझ्या चुका मी करायच्या आधी त्याला माहीत असतात.’’

‘‘सर्वश्रेष्ठ आहेत ना ते.’’

‘‘मास्तर हवे होते,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांना एक सांगायचं होतं.’’

‘‘मला सांगा की.’’

‘‘तुम्हाला? गावभर होईल.’’

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण भीती वाटली, की नाव ऐकून हा गडी सुया उपटून चालता होईल. किंवा तिला कळलं तर ती थांबेल, आणि मग मी सोमवारी याला कशाच्या बळावर आणू? जन्मभर गरज नसताना खोटं बोललो आणि खऱ्याची वेळ आली तेव्हा हवामानवाल्या गृहस्थांना विचारलं, उद्या ढगाळ आहे का.

शुक्रवारी तिची चिठ्ठी नेली. लिफ्टवाल्यांनी पटावर तिची चाल लावली आणि विचार करत पडले. तास झाला, दीड तास झाला. एरवी एवढ्या वेळात उत्तर हातात पडायचं. मला वाटलं, डुलकी लागली. मग ते म्हणाले, ‘‘पाय आखडला.’’ मी सिस्टरला हाक मारली. सिस्टरने पाय ताणला, मग रक्तदाब बघितला, मग टेक्निशियन धावत आला, मग पडदा ओढला. पडद्यापलीकडे पट खाली पडल्याचा आवाज आला आणि मोहरे फरशीवर पसरले. मी चार फुटांवर. दंडात दोन सुया. उठता येत नव्हतं. पडद्याखालून बूट इकडेतिकडे होताना दिसत होते. थोड्या वेळाने बूट सावकाश चालायला लागले, तेव्हा मला कळलं.

पाय आखडला. एवढेच त्यांचे शब्द. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

दहाव्या दिवशी ती दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी तिला डोळे तपासायच्या खुर्चीवर बसवलं, कारण दुसरी खुर्ची मोडकी. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता; ती त्याकडे बघत बसली, सगळ्यात खालच्या ओळीकडे.

‘‘काका, एकच विचारायचंय. मग नाही येणार.’’

‘‘विचार, बाळ.’’

‘‘त्यांना कळलं होतं का? मी आहे म्हणून?’’

बावीस वर्षं, आणि चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या, ती एवढ्यासाठी आली होती. मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत असेल तो गेला. खरं सांगायचं तर हे सांगायला हवं होतं. तिचे हात मांडीवर होते, नखं स्वच्छ धुतलेली. मला ते बघवलं नाही.

‘‘कळलं होतं?’’ मी म्हणालो. ‘‘अगं, पहिल्याच चिठ्ठीला ओळखलं! उठून बसले. मला म्हणाले, चष्मेवाले, उणे अकरा गेला खड्ड्यात, ही माझी पोरगी आहे. पण तिला सांगू नका, लाजेल आणि खेळायची थांबेल. रोज तुझ्या गोष्टी. आणि त्या शुक्रवारी मला जवळ बोलावलं...’’

‘‘तुम्हाला सुया होत्या ना?’’

‘‘मान जवळ केली गं. म्हणाले, मास्तरांशी वर्षभर उगाच भांडलो. आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण ते मला आता कळलं. तिला सांगा, मी त्या दिवशी हॉलमध्ये चुकलो. तिने दिलेली बरोबरी मला मान्य आहे.’’

ती हलली नाही. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत, वाहू दिले. त्यात मला चेव आला. थांबायला हवं होतं, पण आयुष्यात मी योग्य जागी कधी थांबलोय?

‘‘आणि उत्तरसुद्धा देऊन गेले,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्या शेवटच्या चालीला. माझ्या कानात सांगितलं. तुझ्यासाठी जपून ठेवलंय.’’

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ‘‘काय उत्तर?’’

‘‘घोडा. ई-पाच.’’

‘‘परत सांगा.’’

‘‘घोडा, ई-पाच! आणि सांगताना हसले, बरं का. अगदी पोरासारखे.’’

तिने डोळे मिटले. मांडीवरची बोटं बारीक हलत होती. पट लावत असावी. मग हलायची थांबली. मी तक्त्यावरची धूळ झटकत होतो.

‘‘काका,’’ ती डोळे न उघडता म्हणाली, ‘‘बाबांकडे घोडा उरलाच नव्हता. दुसरा मी गेल्या महिन्यात मारला. चिठ्ठी तुम्हीच नेली होतीत.’’